संदर्भ क्रमांक सात: माझी आत्या

“संदर्भ क्रमांक सात,” सरनं वाचलं आणि थांबले. चष्मा नाकावर खाली घेतला, वर्गाकडे पाह्यलं, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “माझी. आत्या.”

वर्ग हसला. मागचे पोट्टे तर बाकं वाजवून हसले. सरच्या हातात माझ्या लघुप्रबंधाची शेवटची पानं होती, मी उभी होती, आणि सरनं हसणं पुरतं संपू देल्लं. घाई नव्हती त्याईले. मंग पुढं वाचलं. “वय माहीत नाही. शिक्षण नाही. मुलाखतीचे ठिकाण, घराचे अंगण.”

“अंगण!” सर म्हणाले. “खाटेवर बसून की चटईवर, तेही लिहायचं ना बाळा. संशोधन काटेकोर असावं.”

पुन्हा हसले सारे. माझी रूममेट दुसऱ्या बाकावर होती. सावली गावची पोरगी, धानवाल्याच्या घरची, एका ताटात जेवाचो आमी. ती पण हसली. मंग तिनं ओढणी तोंडावर घेतली, पण मी पाह्यलं होतं.

“आज आत्या आली,” सर म्हणाले, “उद्या संदर्भ क्रमांक आठ म्हणून कोणी आपली म्हैस आणेल. मग मी काय करू, तुम्हीच सांगा.”

म्हैस. माझी आत्या आणि म्हैस एकाच दमात. माझे कान असे तापले की बाहेरचं काही ऐकू येईना. मूग गिळून उभी राह्यली, पानं हातात घेतली आणि खाली बसली. त्या दिवशीचा राग मले सरपेक्षा माझाच जास्त आला.

एम.ए.चं शेवटचं वर्ष होतं, चंद्रपूरच्या एका कॉलेजात. आमचं गाव अहेरीहून पुढं, जंगलात. तिथून इथपर्यंत आलेली मी पहिलीच. आमची भाषा गोंडी. ही मराठी मी आश्रमशाळेतून, बाजारातून, एसटीच्या मागच्या सीटवरून उचलली, आणि जशी आली तशीच इथी लिहून राह्यली. सर म्हणत, भाषा शुद्ध कर आधी. केली असती जी. पण मले जे सांगाचं आहे ते शुद्ध मराठीत आधी एकदा छापून आलं आहे, आणि ते सपशेल खोटं आहे.

लघुप्रबंधाचा विषय होता वक्तृत्वाची चिकित्सा. एक भाषण घ्याचं. बोलणारा कोण, ऐकणारे कोण, जागा कशी, आणि बोलणारा ऐकणाऱ्याच्या मनापर्यंत कोणत्या वाटेनं जाते, हे उलगडून दाखवाचं. ते पण आपल्याच मनानं नाई. त्या भाषणाबद्दल दुसऱ्याईनं काय लिहून ठेवलं ते शोधाचं, पारखाचं, मंगच वापराचं. त्याले दुय्यम संदर्भ म्हणते. कसे पारखाचे, त्यासाठी सरनं फळ्यावर चार सवाल लिहून देल्ले होते. कोणी लिहिलं? त्याचा त्या गोष्टीशी संबंध काय? त्यानं ते कुठून घेतलं? आणि कोणासाठी लिहिलं? “या चार प्रश्नांतून जो पार होईल तोच संदर्भ विश्वासार्ह,” सर म्हणाले होते. मले ते चार सवाल लय आवडले होते. खरं सांगते, आजही आवडते. सर शिकवाले चांगले होते. म्हणूनच तर जास्त लागलं.

वर्गातल्या बाकीच्याईनं मोठ्या मोठ्या पुढाऱ्याईची भाषणं घेतली. त्याईले संदर्भाची काय कमी, लायब्ररीत थप्प्याच्या थप्प्या. मी माझ्या आत्याचं घेतलं. तीन वाक्याचं.

ते भाषण असं झालं. आमच्या डोंगरावर खाण काढाची होती. त्याची जनसुनावणी ठेवली होती, म्हणजे लोकाईले विचाराचं, तुमचं काय म्हणणं आहे म्हणून. गावात नाई ठेवली. तालुक्याच्या मैदानात, मोठ्या मंडपात ठेवली. मी तेव्हा बी.ए.ले होती, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली होती. आमाले गाड्यात भरून नेलं. स्टेजवर साहेब लोक, त्याईच्या बाजूले कूलर. आमच्या बाजूले ऊन. प्रत्येक खुर्चीवर एक पाण्याची बाटली आणि एक डबा ठेवला होता, डब्यात समोसा आणि पेढा.

आता आमच्या गावची रीत सांगते, नाई तर पुढचं कळणार नाई. आमच्याकडे कोणी काही मागाले आला, मंग पोरगी मागो की पेराले जमीन मागो, तर तो मागणं सांगते आणि पाण्याचा गडवा पुढं ठेवते. तुमी उचलून प्याले म्हणजे हो. तसाच राहू देल्ला म्हणजे नाई. झालं. तोंडानं नाई म्हणाचं नाई. तोंडानं नाई म्हणणं म्हणजे मागणाऱ्याले चार लोकाईत खाली पाडणं. गडवा तसाच राह्यला की येणारा समजून जाते, उठते, राम राम करते, आणि दोघाईचीही इज्जत राहते. लहानपणापासून मी हे पाहत आली. पोरगी मागाले आलेल्या माणसाचा गडवा संध्याकाळपर्यंत तसाच राह्यलेला पाह्यला, आणि तोच माणूस पुढच्या बाजारात माझ्या बापासंगं हसून बोलताना पाह्यला.

तर मंडपात आमच्या लोकाईनं काय केलं? बाटल्या खुर्च्यावरून उचलल्या आणि खुर्च्याखाली ठेवल्या. डबे पण. झाकण एकाचंही उघडलं नाई. कोणी कोणाले सांगतलं नव्हतं. साहेब बोलत राह्यले, रस्ता येईन, दवाखाना येईन, नोकऱ्या येतीन. ऊन असं की घसा चिकटून गेला होता. एक लहान पोरगं पाण्यासाठी रडत होतं, त्याची माय त्याले घेऊन मंडपाच्या बाहेर गेली, हातपंपावर. माझी बाटली माझ्या पायाजवळ होती. थंड होती, तिच्यावर बाहेरून थेंब आले होते. मी पण हात नाई लावला.

शेवटी माईक खाली आला. कोणी उठेना. मंग आत्या उठली. तिनं माईक हातात नाई घेतला, माईकवाला पोट्टाच तो धरून राह्यला तिच्या तोंडाजवळ. गोंडीत बोलली. मराठीत सांगाचं तर एवढंच होते: “तुमी विचाराले आले, चांगलं केलं. आमी उत्तर ठेवलं आहे. खुर्च्याखाली पाहा.”

आणि बसली.

सारा मंडप खाली पाहून राह्यला होता. स्टेजवरच्याईनं नाई पाह्यलं. त्याईनं एक दुभाषा आणला होता, कुठचा होता कोण जाणे. तो माईकवर म्हणाला, “बाईंनी आपले आभार मानले आहेत.” टाळ्या वाजल्या, स्टेजवर. आत्यानं मले विचारलं, काय म्हणाला तो? मी सांगतलं. ती माझ्याकडे पाहत राह्यली. मंग म्हणली, “इतक्या बाटल्या आहे. एकतरी दिसली असन त्याईले.”

यालेच मी भाषण म्हणली. जागा, ऐकणारे, बोलणारी, तिनं वापरलेली वस्तू, सारंच होतं त्यात. सर म्हणाले, “तीन वाक्यांना भाषण म्हणत नाहीत बाळा. आणि संदर्भ कुठे आहेत? आत्या हा संदर्भ नव्हे. तू स्वतः तिथे होतीस, म्हणजे तूही नाहीस. जवळचा माणूस तटस्थ नसतो.” म्हशीचं बोलल्यावर, वर्ग सुटल्यावर, केबिनमंधी बोलावून हे सांगतलं. तेव्हा त्याईचा आवाज मऊ होता. “त्या सुनावणीवर एका पुस्तकात लिहिलेलं आहे. माझ्या गुरूंचं पुस्तक. ते घे, आत्या काढ. प्रबंध उभा राहील.”

त्याईच्या गुरूले सारं कॉलेज मोठे सर म्हणते. आदिवासीवर लिहिणारे म्हणून लय नाव. मी लायब्ररीत गेली, पुस्तक काढलं. मागची यादी पाह्यली तर आमच्या गावाचं नाव! छापलेलं! घ्या, मी तिथीच उभ्या उभ्या हसली. छाती फुगली माझी. आमचं गाव पुस्तकात आहे, मायले सांगीन म्हटलं. मंग पान उघडून वाचलं.

लिहिलं होतं की आदिवासी समाजाले वक्तृत्वाची परंपरा नाई. तो सभेत मूक राहते, आणि ते मौन हीच त्याची संमती असते. उदाहरण म्हणून आमची सुनावणी. ती उत्साहपूर्ण वातावरणात पार पडली, कोणीही विरोधात बोललं नाई, शेवटी एका वृद्धेनं मोडक्यातोडक्या मराठीत आयोजकाईचे आभार मानले, आणि अल्पोपाहारानं सांगता झाली.

मोडक्यातोडक्या मराठीत. माझ्या आत्याले मराठीचा एक शब्द येत नाई! बाजारात मीठ मागाचं तरी ती बोटानं दाखवते. तळपायाची आग मस्तकात गेली. अल्पोपाहार? समोस्याले कोणी दात नाई लावला अन् यांचा अल्पोपाहार झाला! ते पुस्तक तिथीच फाडावं वाटलं. फाडलं नाई. लायब्ररीचं होतं, आणि मले ते लागणार होतं.

कारण मले सरचे चार सवाल आठवले. चांगले सवाल होते ना? मंग म्हटलं, यालेही विचारून पाहू.

त्यानं कुठून घेतलं? पानाखाली टीप होती. एका मासिकातला लेख. तो लेख शोधाले मले लय खेटे घालावे लागले, शेवटी जुन्या अंकाच्या गठ्ठ्यात सापडला. त्यातही तेच, “उत्साहपूर्ण वातावरणात पार पडली”, तीच वृद्धा, तेच आभार. लेखाच्या खाली टीप, एका पेपरातली बातमी. पेपर शोधला. बातमी बोटभर, पण वृद्धेचे आभार त्यातही होते. “उत्साहपूर्ण वातावरणात पार पडली.” शब्दही बदलला नव्हता कोणी. मराठीत आनंदाले इतके शब्द आहे, पण तिघाईलेही हाच सुचला.

सरच्या हिशोबानं ते तीन संदर्भ होते. पुस्तक, मासिक, पेपर. तिघंही एकच सांगून राह्यले म्हणजे पक्कं. पण ते तिघं नव्हतेच. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं पाहून लिहिलं, तिसऱ्यानं दुसऱ्याचं पाहून लिहिलं. आश्रमशाळेत आमी गणितं अशीच उतरवाचो. पहिल्याचं चुकलं की साऱ्या लायनीचं चुकाचं, आणि मास्तर साऱ्याईले झोडाचे. इथी साऱ्याईले मान मिळाला.

आता राह्यला पेपरवाला. बातमीच्या वर लिहिलं होतं, आमच्या वार्ताहराकडून, अहेरी. मी सुट्टीच्या दिवशी एसटीनं अहेरीले गेली. बाजाराचा दिवस होता. विचारत विचारत त्या वार्ताहर भाऊचं दुकान सापडलं. मोबाईल रिचार्ज, झेरॉक्स, आणि वरून पेपरचा बोर्ड. चांगला माणूस होता. मी जंगलातल्या गावची म्हणल्यावर खुर्ची देल्ली, बस बाई म्हणाला. मी बातमी दाखवली. त्यानं वाचली, डोकं खाजवलं.

“खोटं काऊन बोलू बाई,” तो म्हणाला. “मी गेलोच नव्हतो. साळ्याचं लग्न होतं. मोबाईलवर आली ती बातमी, तयारच आली, मी पुढं पाठवून देल्ली.”

“कोणी पाठवली भाऊ?”

“ज्याईची सुनावणी होती त्याईनंच. अजून कोण पाठवन? आणि पाहा ना, सकाळीच येऊन पडली होती. आमी इकडे हळदच लावून राह्यलो होतो.”

म्हणजे सुनावणी सुरू व्हाच्या आधीच माझ्या आत्यानं आभार मानले होते. मले हसाले आलं, आणि मंग असं भरून आलं की मान खाली घालावी लागली. आमी त्या उन्हात घसा कोरडा करून बसलो होतो, आणि आमचं उत्तर सकाळीच लिहून तयार होतं.

भाऊनं चहा सांगतला. पोऱ्यानं चहाचा गिलास माझ्यापुढं ठेवला. तेव्हा भाऊ म्हणाला, “तुले सांगतलं ते सांगतलं. पण माझं नाव नको टाकू बाई. पेपर जाईन, दुकानावर लोक येतीन. पोटावर पाय पडन माझ्या.”

त्यानं मागितलं होतं, आणि गिलास पुढं होता. त्याले आमची रीत माहीत नव्हती. मले होती. मी गिलासाकडे पाहत राह्यली. मले त्याचं नाव पाह्यजे होतं. त्याच्याशिवाय माझ्या म्हणण्याले आधारच नव्हता. पण त्याच्या भिंतीवर पोरीची शाळेची बॅग टांगली होती, आणि माणूस खरं बोलला होता. मी चहा प्याली.

म्हणून त्याचं नाव मी कुठीच लिहिलं नाई. इथीही नाई.

हॉस्टेलवर येऊन मी ते प्रकरण लिहिलं. आत्याच्या भाषणाची चिकित्सा, आणि त्याच्या मागं संदर्भाची पारख. पुस्तक कुठून आलं, मासिक कुठून आलं, बातमी कुठून आली. वार्ताहर हजर नव्हता असं त्यानंच सांगतलं, नाव राखून ठेवलं आहे, असं लिहिलं. संदर्भ क्रमांक सात तसाच ठेवला, माझी आत्या. आता खाटेवर का चटईवर तेही लिहिलं. चटईवर.

रूममेटनं वाचलं. वर्गात हसलेली तीच. मंग म्हणली, “तुझं खरं आहे बाई. पण तुले पास व्हाचं आहे का खरं कराचं आहे? काढ ना ते एक पान. डिग्री घे, मास्तरीण हो, मंग बोल काय बोलाचं ते.”

ती वाईट नाई बोलली. माझा बाप पण हेच म्हणाला असता. मी पास झाली तर अहेरीच्या एका शाळेत तासिकेवर लागणार होती, बोलणं झालं होतं. नाई तर गावी जाऊन मोहाची फुलं वेचणं होतंच. पण पास व्हाचं म्हणजे काय कराचं होतं ते पाहा. माझ्या हातानं लिहाचं होतं की ते पुस्तक विश्वासार्ह आहे. म्हणजे माझ्या हातानं लिहाचं, आमचं गाव हो म्हणालं. उद्या कोणी विचारलं असतं तर सांगतलं असतं, पाहा, त्याच गावच्या शिकलेल्या पोरीनं पण हेच लिहिलं आहे. चौथा संदर्भ मीच झाली असती.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक म्हणून कोण आले? खुद्द मोठे सर. पांढरा कुर्ता, पांढरे केस, बोलणं साखरेचं. मी आत गेली तर माझा प्रबंध त्याईच्या पुढं उघडाच होता, त्याच पानावर. आमचे सर बाजूच्या खुर्चीत. माझ्याकडे पाहून राह्यले नव्हते.

“तुझी भाषा रांगडी आहे, पण छान आहे,” मोठे सर म्हणाले. “मातीचा वास येतो. आता मला सांग बाळ, हा जो वार्ताहर तुला म्हणाला की तो गेला नव्हता, त्याचं नाव काय?”

“नाव नाई सांगू शकत सर.”

“का?”

“त्यानं मागितलं. मी चहा प्याली.”

दोघं एकमेकाकडे पाह्यले आणि हसले. मी रीत समजावून सांगतली, तेच प्रकरण पुढं उघडं होतं, त्यात सारं लिहिलं होतं. मोठे सर हसतच मान हलवत राह्यले.

“चहा प्याली,” ते म्हणाले. “म्हणजे एका निनावी माणसाच्या तोंडी शब्दावर तू छापील पुस्तक खोटं ठरवतेस. याला विश्वासार्ह संदर्भ म्हणायचं का?”

“तुमच्या पुस्तकालेही तोंडाचाच आधार आहे सर,” मी म्हणली. “तेही त्या माणसाच्या, जो तिथी नव्हता. मी तिथी होती. तुमी तिथी होते का?”

आमचे सर खुर्चीत सरळ झाले. “आवाज खाली,” म्हणाले. माझा आवाज वर नव्हताच.

मोठे सर रागावले नाई. रागावले असते तर बरं झालं असतं. त्याईनं माझ्याकडे असं पाह्यलं, घरच्या लहान लेकराकडे पाहावं तसं. “हे बघ बाळ. तू तुझ्या समाजातली शिकलेली मुलगी आहेस. तुझं नुकसान व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. ते एक प्रकरण काढून टाक, बाकीचं ठीक आहे. मी आत्ता सही करतो.” आणि समोरच्या ट्रेमधली पाण्याची बाटली उचलून त्याईनं माझ्यापुढं ठेवली. “पाणी घे. घाबरलीयस तू.”

बाटली तशीच. थंड, बाहेरून थेंब आलेली. बाजूले बशीत समोसा. काय सांगू बाप्पा, माझ्या अंगावर काटा आला. मागणं सांगून झालं होतं आणि पाणी पुढं होतं. मंडपातली तीच खुर्ची, मीच बसली होती, फक्त आत्या बाजूले नव्हती. घसा वाळला होता. हात मांडीवर दाबून धरले मी.

पंखा फिरत होता. मोठ्या सरनं पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. आमच्या सरच्या तोंडावर हळूहळू सुटका दिसाले लागली. ती मले दिसली, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी गप्प होती, आणि हे दोघं माझं गप्प राहणं हो म्हणून वाचून राह्यले होते! मी बाटलीले हात लावला नव्हता, ते त्याईले दिसत नव्हतं. इतक्या जवळून दिसत नव्हतं. मंडपात काऊन दिसलं असतं? आमी इज्जत म्हणून जे तोंडानं बोलत नाई, ते यांच्या पुस्तकात आमची संमती होऊन छापते. आमची सारी सभ्यता यांच्या कामी येते.

आमच्यात तोंडानं नाई म्हणणं म्हणजे मागणाऱ्याचा अपमान. मले ते पक्कं माहीत होतं. म्हणून उभी राह्यली, बाटली हातानं उचलली, त्याईच्या बाजूले सरकवली, आणि तोंडानं म्हणली.

“सर, मी नाई म्हणून राह्यली. प्रकरण काढणार नाई. तुमी लिहून घ्या, इथीच, माझ्यापुढं. मुलगी नाई म्हणाली. नाई तर उद्या लिहाल की मी आभार मानले.”

मोठ्या सरचं हसणं गेलं. पहिल्यांदा गेलं. पेनाचं टोपण त्याईनं पुन्हा लावलं. “या मुलीला बाहेर पाठवा,” ते आमच्या सरले म्हणाले. मले नाई म्हणाले. मी खोलीत नव्हतीच जशी.

मी आपल्या पायानं बाहेर गेली. नळावर गेली आणि घटाघटा पाणी प्याली.

प्रबंध परत आला. वर लाल शाईत शेरा, संदर्भ अविश्वासार्ह, पुनर्लेखन करावे. अहेरीची शाळा हातची गेली, त्या जागेवर दुसरी लागली. सर आता रस्त्यात दिसले तर मोबाईल पाहते. गावी गेली तेव्हा आत्यानं सारं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग ते पुस्तक अजून तिथीच आहे?” आहे म्हणली मी. लायब्ररीत आहे, पोरं वाचून राह्यले आहे, त्याच्यावरून अजून लिहून राह्यले आहे. ती उठून कामाले लागली. मले तिच्या तोंडाकडे पाहवलं नाई.

तर मी पुन्हा परीक्षेले बसणार आहे. पुनर्लेखन करा म्हणाले ना? करते. जे प्रकरण काढाले सांगतलं ते आता पहिलं लावणार. दुसऱ्या परीक्षकापुढं लावीन, त्यानं नाई घेतलं तर तिसऱ्यापुढं. त्या पुस्तकाच्या यादीत आमच्यासारखी अजून गावं आहे. त्या साऱ्या गावात जाईन. अंगणात बसीन, चटईवर बसीन, आणि विचारीन, त्या दिवशी इथी कोण होतं आणि ते काय बोललं. ज्यानं नाव नको म्हणलं त्याचं नाव टाकणार नाई. ज्यानं टाक म्हणलं त्याचं मोठ्या अक्षरात टाकीन. आणि छापीन. पैसे नाई मिळाले तर झेरॉक्स काढून वाटीन, पण त्या लायब्ररीत त्या पुस्तकाच्या अगदी बाजूले ठेवून येईन.

कोणी पोरगी संदर्भ शोधाले आली तर तिनं मलेही तेच चार सवाल विचारावे. कोणी लिहिलं? मी लिहिलं. संबंध काय? ती माझी आत्या. कुठून घेतलं? मी तिच्या बाजूच्या खुर्चीवर होती. कोणासाठी लिहिलं? आमच्यासाठी. मी तटस्थ नाई, आणि हे मी पहिल्याच पानावर लिहून ठेवीन. बाकीच्याईनं पण आपापलं लिहावं.

आणि एक. आमच्या गावात कोणी काही मागाले आलं, तर गडवा अजूनही तसाच राहते, आमच्यापुरती रीत आहे ती आणि राहीन. पण मंडपवाले पुन्हा आले, खुर्च्यावर बाटल्या ठेवल्या, तर मी बाटली खाली ठेवून गप्प बसणार नाई. माईकचीही वाट पाहणार नाई. उभी राहीन आणि ओरडून सांगीन, मराठीत सांगीन, त्याईच्या शुद्ध मराठीत सांगीन: नाही.